शैक्षणिक साधन : कडूबा

उंबरदरीच्या शाळेत देवानंद सरांनी आठवीला जेवढं इंग्रजी शिकवलं, तेवढं सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन शिकवलं. 'गेट अप' शिकवताना तो खुर्चीवरून उठला, 'सिट डाऊन'ला बसला, 'फॉल डाऊन'ला मातीच्या जमिनीवर धाडकन पडला, आणि मग कंबर धरून उठताना 'गेट अप'ची उजळणीही करून घेतली. औरंगाबादच्या ट्रेनिंगात त्याला बजावून सांगितलं होतं, की इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द निघाला तरी पाठ बाद. अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. बरोबरची बाकी मंडळी ट्रेनिंग कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडता पडताच हे विसरली. देवानंद विसरला नाही. विसरायची त्याला सोयच नव्हती.

कारण तो टेंपरवारी होता. परतूरच्या बौद्ध वस्तीतला हा पहिला मास्तर. बाप मोंढ्याच्या बाजारात कापसाची जड बोंदरी उचलून पाठीनं वाकलेला, आणि आई गिरिजाबाई दर पत्रात शेजारच्या पोराकडून एकच ओळ लिहवून घ्यायची, 'कायम झालास का?' दोन वर्षं झाली, देवानंदनं त्या ओळीला कधी पावसाचं उत्तर लिहिलं, कधी तब्येतीचं. आता फेब्रुवारीत दिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार होते. त्यांनी चांगला शेरा मारला तर देवानंद कायम, नाहीतर मार्चअखेर गाशा गुंडाळून परत मोंढा. मधला रस्ता नव्हता.

आणि नेमक्या त्याच महिन्यात पुस्तकात 'गिव्ह इन' आलं.

डिक्शनरीत अर्थ होता, 'हार पत्करणे, नमते घेणे'. आता हे करून कसं दाखवावं? देवानंदनं आधी वर्गातल्या दोन दांडग्या पोरांना पंजा लढवायला बसवलं. एक हरेल, तो म्हणेल 'आय गिव्ह इन', झालं. पण उंबरदरीत हार मानणं हा प्रकारच नव्हता. ज्या गावात एका बांधाचा खटला निजामाच्या राज्यात लागून अजून इंदिराबाईंच्या राज्यात चालूच होता, त्या गावची ती पोरं. ती लाल झाली, मग निळी झाली, पण हात कुणाचाच वाकेना. शेवटी बाकच मोडलं. वर्गानं वहीत लिहून घेतलं, 'गिव्ह इन म्हणजे बाक मोडणे.'

दुसऱ्या दिवशी रस्सीखेच केली. रस्सी तुटली आणि दोन्हीकडची मिळून अकरा पोरं उताणी पडली. साहेबराव नावाचा हुशार मुलगा पडल्या पडल्या म्हणाला, "सर, हे तर फॉल डाऊन झालं." त्याचं बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी देवानंद स्वतः वर्गापुढं गुडघे टेकून, हात वर करून, तोंड पाडून बसला. पोरांना वाटलं कवायत आहे. सगळा वर्ग गुडघे टेकून हात वर करून बसला, आणि दारातून डोकावलेले हेडमास्तर बद्रीनाथ काहीच न विचारता आल्या पावली परत गेले.

मराठीत सांगायचं म्हटलं तर दोन शब्दांचं काम होतं. पण दिप्टीसाहेब होते तातेराव, आणि तातेराव म्हणजे नियमाचा पुतळा. मराठीचा एक शब्द कानावर पडला, की ते वहीत फुली मारत. पाठ वेळेआधी आटोपला, की 'आता पुढचा घ्या' म्हणायची त्यांना खोड होती, आणि तो पुढचा पाठ तयार नसला की आणखी एक फुली. कुणाच्या घोटभर चहाचे ते मिंधे नव्हते. फाट्यावर एस्टीतून उतरून दोन कोस चालत येत, धडप्यात बांधून आणलेली स्वतःची भाकर झाडाखाली एकटेच खात आणि चालत परत जात. गावोगावचे मास्तर त्यांना पाणी विचारायलाही घाबरत.

रविवारी गावात एक लग्न होतं. देवानंदला बोलावणं होतं, तो गेला आणि पंगतीच्या टोकाला बसला. वाढायला होता कडूबा. हा कडूबा तसा शाळेचा शिपाई. घंटा वाजवणं आणि पाण्याचा रांजण भरणं ही त्याची नोकरी. पण त्याचं खरं नाव होतं वाढप्या म्हणून. वाटूरपासून परतूरपर्यंत कुठंही लग्न असो, लाडवाची परात कडूबाच्या हातात द्यायची असा रिवाज पडला होता. दुष्काळाची दोन वर्षं सरकारी सुकडी खाऊन निघाली तेव्हा कडूबाचे हात नुसते लोंबत होते. आता पुन्हा पंगती बसायला लागल्या होत्या आणि कडूबानं मागचा-पुढचा सगळा आग्रह एकदमच काढायचं मनावर घेतलं होतं.

त्याचं एक शास्त्र होतं. "पयला नकार रितीचा, दुसरा पोटाचा, तिसरा खरा," असं तो म्हणायचा, "आन् तिसऱ्याच्या म्होरं खरी मजा." पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला तर तो बोटांच्या फटीतून लाडू सोडायचा. पाहुणा उठायला लागला तर खांद्यावर हात ठेवून खाली बसवायचा. त्यानंही भागलं नाही तर मेलेल्या आज्याची शपथ घालायचा. हा आजा गेल्या दहा वर्षांत शेकडो लाडवांसाठी कामाला आला होता.

त्या दिवशी कडूबासमोर जुन्या जालन्याहून आलेला एक जाडजूड कापडवाला बसला होता. "बस, बस, बिलकुल बस!" कापडवाला म्हणाला.

"आसं कसं बस? आमच्या गावचं वंगाळ लागलं का?"

"अहो, तसं न्हाई, पोट फुटंल."

"फुटलं तर मी शिवतो. तुमाला माज्या आज्ज्याची आन हाये!"

आणि देवानंदनं पाहिलं. कापडवाल्याचे हात हळूहळू पानावरून बाजूला झाले, मान एका अंगाला कलली, खांदे खाली आले, आणि तोंडावर एक लाचार, पण मनातून खूश असलेलं हसू पसरलं. लाडू पानात पडला.

"गिव्ह इन!" देवानंद ओरडला आणि पंगतीतून ताडकन उभाच राहिला. "हे! हेच ते! गिव्ह इन!"

शेजारच्याला वाटलं सरांना मिरची लागली. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

खरं सांगायचं तर देवानंदला हे इतके दिवस सुचलं नव्हतं त्यालाही कारण होतं. आग्रह त्यानं लांबूनच पाहिला होता. गाव त्याला रामराम घालायचं, पंगतीत बसवायचं. पण त्याच्या पानावर एकदा वाढून वाढपी पुढं सरकायचा. आग्रह ही त्याच्या पुढची पायरी होती आणि ती कुणी चढत नव्हतं. कडूबाही नाही. कुणी ठरवून करत नव्हतं असं म्हणावं, तर सगळ्यांच्याच हातून बराबर तेवढंच कसं व्हायचं? देवानंदला त्याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं हे दिसू नये म्हणून तो लवकर हात धुवायचा. त्या दिवशी मात्र तो हात धुवायचंच विसरला आणि खरकट्या हातानं कडूबाला धरून मांडवाबाहेर घेऊन गेला.

"कडूबा, तुम्हाला माझ्या पाठात यायचंय. शैक्षणिक साधन म्हणून."

"म्हंजी नकाशावानी?"

"नकाशावानी. पण लाडू घेऊन."

कडूबाला नोकरीत आजवर कुणी वर्गाच्या आत बोलावलं नव्हतं, झाडून घेण्याखेरीज. तो एका पायावर तयार झाला. देवानंदनं त्याच संध्याकाळी पाठाचं टाचण काढलं आणि साधनांच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'खडू, फळा, लाडू, कडूबा.'

अडचण एकच होती, पण ती लाडवाएवढी नव्हती, परातीएवढी होती. तासाला मराठी बंद. म्हणजे आग्रह इंग्रजीत करायचा. कडूबाला हे सांगितल्यावर तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. "सर, आज्ज्याची शप्पथ विंग्रजीत कशी घालावी? माज्या आज्ज्याला तरी कळंल का ती?"

देवानंदनं त्याला तीन वाक्यं शिकवली. 'प्लीज टेक', 'वन मोअर' आणि 'फॉर माय सेक'. तालीम देवानंदच्या खोलीवर सुरू झाली. कडूबाची बायको कांताबाई हिनं घरी लाडू वळून दिले आणि वर निरोप धाडला, की हे काय चाललंय ते मला कळत न्हाई, पण परात ध्यानानं परत आना.

तालमीला पाहुणा कोण? दुसरं कुणीच नव्हतं म्हणून देवानंदच चटईवर बसला. कडूबानं परात घेतली, तो समोर आला आणि अडखळला. एकदा वाढून पुढं सरकायची हाताला सवय. आता पुढं सरकायला जागाच नव्हती, पुढं भिंत होती. त्यानं घसा साफ केला.

"प्लीज टेक."

"नो," देवानंद म्हणाला.

"वन मोअर. फॉर माय सेक." मग एकदम कडूबाला चेव चढला आणि इंग्रजी संपली. "आसं न्हाई चालायचं, सर! कवाधरनं बघून राह्यलो, तुमी पाखरावानी जेवता. घ्या! माज्या आज्ज्याची आन हाये!"

देवानंदचे हात बाजूला झाले. त्यानं लाडू खाल्ला. मग दुसरा खाल्ला. डोळ्यांत पाणी का आलं हे त्याला स्वतःला बरोबर ठाऊक होतं, पण कडूबा घाबरला. "लाडू लई मोठा झाला का, सर? घशात बसला का?"

"नाही," देवानंद म्हणाला, "बराबर झालाय. आणखी एक आग्रह करा. सराव पाहिजे."

आठ दिवसांत देवानंदनं सरावापायी एवढे लाडू खाल्ले की विजारीची नाडी सैल बांधायला लागली.

आता वर्गातला पाहुणा निवडायचा राहिला. साहेबरावला बसवून पाहिलं. कडूबानं "प्लीज" म्हणताच साहेबरावानं परातीतले दोन लाडू उचलले. नकार द्यायचा असतो हे त्याला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, लाडवाला नको कसं म्हणावं? आमच्यात न्हाई म्हनत." मग तुळजाबाईची कौसल्या पुढं आली. ही पोर हट्टाची म्हणून गावात नावाजलेली. सातवीनंतर घरच्यांनी शाळा सोडवायचं ठरवलं, तेव्हा ही सकाळी लिंबावर चढून बसली होती आणि नाव घातल्याची पावती दाखवल्यावरच दुपारी खाली उतरली होती. तालमीत तिनं तीनदा 'नो, थँक यू' म्हटलं, चौथ्यांदा मान कलती करून 'ऑल राईट, आय गिव्ह इन' म्हटलं आणि लाडू खाल्ला. सगळं कसं चोख झालं. पाठ बसला बारा मिनिटांत. देवानंदला हायसं वाटलं, आणि मग एकदम आठवलं. तास पस्तीस मिनिटांचा. पुढचा पाठ त्यानं उघडूनही पाहिला नव्हता. "बारा मिनटांत आटोपलं तर मेलो, साहेब 'पुढचा घ्या' म्हणणार आणि तो तयार नाही," असं तो फळा पुसता पुसता स्वतःशीच पुटपुटला. पण आता रात्र उरली होती एकच आणि तीही लाडू वळण्यात जाणार होती.

दुसऱ्या दिवशी दिप्टीसाहेब आले. वाळलेल्या तुरीच्या काडीसारखा माणूस, बगलेत काळी बॅग आणि हातात धडप्याची पुरचुंडी. हेडमास्तर बद्रीनाथांनी दोन्ही हात जोडून विचारलं, "साहेब, च्या?"

"नको."

"बरं," बद्रीनाथ म्हणाले आणि चहा ताबडतोब आत गेला.

साहेब आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. त्यांनी घड्याळ पाहिलं, शाळेचं शेऱ्याचं बुक उघडलं, टाचण वाचलं. साधनांच्या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रकान्यात कडूबा होताच.

देवानंदनं सुरुवात केली. घंटा देऊन झाल्यावर कडूबा परात घेऊन आत आला. त्यानं धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घातली होती. कौसल्या मधोमध मांडलेल्या पाटावर बसली. खिडक्यांना गाव लटकलं होतं.

"प्लीज टेक," कडूबा म्हणाला.

"नो, थँक यू."

"वन मोअर."

"नो, थँक यू."

"फॉर माय सेक."

"नो, थँक यू."

इथवर ठरल्याप्रमाणं झालं. आता चौथ्यांदा ती मानणार. कडूबानं लाडू अलगद तिच्या पानाशी नेला आणि गालातल्या गालात हसत म्हणाला, "प्लीज टेक."

"नो, थँक यू," कौसल्या म्हणाली.

देवानंदला वाटलं पोर मोजण्यात चुकली. त्यानं तिच्याकडं पाहून मान हलवली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पाहिल्याचं दाखवलं, आणि दोन्ही हात पानावर घट्ट धरले.

पाचवा नकार झाला. सातवा झाला. कडूबाच्या कपाळावर घाम आला. वाढप्या म्हणून गेली वीस वर्षं तो कुणाला हरला नव्हता, आणि हरला नव्हता तो आपल्या जिभेच्या जोरावर. आता ती जीभच तीन वाक्यांना बांधलेली. पैलवानाचा एक हात लंगोटाला बांधून आखाड्यात सोडावं तशी त्याची गत झाली. त्यानं बोटांच्या फटीतून लाडू सोडून पाहिला. पोरीनं बोटं जुळवली. त्यानं तोंड पाडलं. डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. आकाशाकडं बोट दाखवून आज्याची खूण केली आणि मग स्वतःच्या गळ्याला हात लावून तो आजा मेल्याचीही खूण केली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"नो, थँक यू."

मग कडूबानं देवानंदकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, आणि त्याचा तोल सुटला. "बेटी, ले ना! खुदा के वास्ते ले! जल्दी!"

"कडूबा!" देवानंद कुजबुजला.

"मराठी बंद हाय ना, सर? उर्दू कुटं बंद हाय?" कडूबा तेवढ्याच जोरात कुजबुजला.

साहेबांनी फुली मारायला पेन उचललं, थांबले, नियम आठवून पाहिला आणि पेन खाली ठेवलं. नियमात उर्दूचं काही नव्हतं.

वेळ चालला. बारा मिनिटं कधीच होऊन गेली होती, पस्तीसही झाली असावीत. पण घंटा होईना. घंटा होणार कशी? घंटा वाजवणारा परात धरून वर्गाच्या मधोमध उभा होता. लाडू दिल्याखेरीज कडूबा हलत नव्हता, आणि कौसल्या काही केल्या लाडू घेत नव्हती. शेजारच्या वर्गातल्या पोरांचा पाढा पाचव्यांदा पहिल्यापासून सुरू झाला. बद्रीनाथ खिडकीतून घड्याळ दाखवत होते. देवानंद मनात म्हणाला, झालं, आटोपलं आपलं. आईला आता पावसाबद्दलही लिहिता येणार नाही. ही पोर आपल्याच पाठाला बसून आपल्याच नोकरीवर उठली. त्याला तिचा इतका राग आला की इंग्रजीत तो मावेना.

जवळजवळ तासभर झाल्यावर कडूबाचे हात परातीनं भरून आले. त्यानं परात खाली ठेवली, तो स्वतः तिच्या शेजारी खाली बसला, टोपी काढली. मान एका अंगाला कलली, खांदे खाली आले.

"कौसल्ये माय," तो म्हणाला, "आय गिव्ह इन." आणि उठून बाहेर जाऊन त्यानं घंटा वाजवली. ती अशी वाजवली की परसाकडं गेलेली माणसंही धावत आली.

मग साहेबांनी मागून साहेबरावच्या खांद्यावर बोट टेकवलं, "तू उभा राहा. आता काय झालं, इंग्रजीत सांग."

साहेबराव उभा राहिला. "कडूबा गेव्ह इन, सर. कौसल्या डिड नॉट गिव्ह इन."

"बस," साहेब म्हणाले. मधली सुट्टी झालीच होती. ते उठून लिंबाखाली गेले आणि त्यांनी पुरचुंडी सोडली. भाकर, चटणी, अर्धा कांदा.

देवानंद परात उचलून त्यांच्यामागं गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. नोकरी गेलीच असं त्यानं धरलं होतं, आणि गेलेल्या माणसाला भीती कसली? पण परात पुढं करताना मात्र तो बिचकला. आपल्या हातचं समोरचा घेईल का, हा प्रश्न त्याच्या पोटात लहानपणापासून होता, आणि तो प्रश्न कुठल्याही पाठापेक्षा जुना होता.

"साहेब, एक लाडू."

"नको."

देवानंदचे हात सवयीनं मागं आले. एवढ्यात मागून शाळेच्या ओट्यावरून सगळा वर्ग ओरडला, "सर, वन मोअर!"

देवानंद थांबला. मग त्यानं परात पुन्हा पुढं केली. "साहेब, एकच. आमच्या कांताबाईच्या हातचा आहे."

"नको म्हटलं ना," साहेब म्हणाले. पण या वेळी ते परातीकडं बघत म्हणाले. लाडू पुऱ्या तासभर त्यांच्या नाकासमोर नाचत होता.

"असं कसं, साहेब? आमच्या गावचं वंगाळ लागलं का?"

साहेबांनी हात वर केला. "थांबा." त्यांनी शेऱ्याचं बुक मांडीवर घेतलं, पेन उघडलं, आणि भाकर तशीच ठेवून भराभर लिहिलं. सही केली, तारीख घातली, बुक मिटलं आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवलं. "शेरा झाला. आता त्यात काना-मात्रा बदलायची न्हाई. लाडू खाऊन लिहिला असं कुणाला म्हणता येणार न्हाई. आता करा आग्रह."

त्यात काय लिहिलंय हे देवानंदला ठाऊक नव्हतं. कदाचित त्याच्या नोकरीचा तेरावाच घातला असेल. पण समोर एक माणूस मान वर करून वाट पाहत बसला होता, आणि हे तोंड देवानंदला ओळखीचं वाटलं. त्यानं मागचा-पुढचा विचार सोडला. खांद्यावर हात ठेवला, हातावर लाडू ठेवला, आणि आई-बापाची, कडूबाच्या आज्याची, सगळ्यांची शपथ घातली.

साहेबांनी खाल्ला. दुसरा खाल्ला. चौथ्यानंतर ते म्हणाले, "एकवीस वर्षं झाली या नोकरीला. मी नको म्हणतो, लोक बरं म्हणतात. पहिल्या नकाराला कुणी खरं मानतं का हो? दुसऱ्यांदा विचारलंच न्हाई कुणी." आणि त्यांनी पाचवा उचलला. सहाव्यानंतर त्यांना उठता येईना. फाट्यापर्यंत बैलगाडीत बसायलाही त्यांनी तीनदा नको म्हटलं, आणि चौथ्यांदा कडूबानं त्यांना उचलूनच ठेवलं. आता मराठीला मोकळीक होती. कडूबाचा हात कोण धरणार?

गाडी वळणाआड गेल्यावर सगळे लिंबाखाली राहिलेल्या बुकावर तुटून पडले. बद्रीनाथांनी मोठ्यानं वाचलं. 'पाठ ठरल्याप्रमाणे झाला नाही. साधन पराभूत झाले. अर्थ मात्र विद्यार्थ्यांपर्यंत, शिपायापर्यंत व खिडकीतील ग्रामस्थांपर्यंत पोचला. असा पाठ मी पाहिला नाही. शिक्षकास कायम करावे.'

कडूबानं 'साधन पराभूत' हे दोनदा वाचून घेतलं आणि सरकारी कागदावर आपलं नाव असं लागल्याबद्दल हळहळला. गाव हसत होतं, कुणीतरी देवानंदच्या पाठीवर थापा मारत होतं. त्या गर्दीतून परात घेऊन निघालेल्या देवानंदला वर्गात कौसल्या दिसली. ती अजून त्या पाटावरच बसली होती. राग उतरला होता, पण त्याला विचारल्यावाचून राहवेना.

"कौसल्या, तुला काय झालं होतं गं? चौथ्यांदा घ्यायचा ठरलं होतं ना?"

"ठरलं व्हतं, सर," ती म्हणाली. "पन घेतला आस्ता तर पाठ बारा मिनटात संपला आस्ता. मंग साहेब म्हनले आस्ते, पुडचा घ्या. तुमचा पुडचा तयार कुटं व्हता? काल फळा पुसताना तुमीच म्हनलात. म्हनून म्या म्हनलं, घंटी होस्तोवर दम धरावा. तर ही घंटीच हुईना."

तासभर ही पोर लाडवाचा वास घेत, तोंडातलं पाणी गिळत, सगळ्या गावाच्या नजरा आणि त्याचा राग झेलत बसली होती, आणि ते त्याच्या पाठीशी उभं राहण्यासाठी. तो तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं परात तिच्यापुढं सरकवली.

"आता घंटा झाली," तो कसाबसा म्हणाला. "घे."

आग्रह करायची पाळीच आली नाही. कौसल्येनं परातीत उरलेले पाचही लाडू एका दमात खाल्ले आणि कडूबा तोंडात बोट घालून बघत राहिला.